दहाचे नाणे आणि फॉरवर्ड केलेला निरोप

२०१७ च्या उन्हाळ्यात एका बाजारपेठेच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एके दिवशी गावातील एक किराणा व्यापारी गोणपाटाची जड पिशवी घेऊन माझ्यापुढे येऊन बसले. पिशवीत दहा रुपयांची नाणी होती. "साहेब, ही घ्या आणि माझी सुटका करा. गिऱ्हाईक घेत नाही, भाजीवाला घेत नाही, रिक्षावाला तर तोंडावर फेकतो." मी त्यांना विचारले, "ही नाणी खोटी आहेत असे तुम्हाला वाटते का?" ते हसले. "मला कशाला वाटेल? चाळीस वर्षे गल्ल्यावर बसतो आहे. पण घेऊन करू काय?"

त्या उत्तराचे मर्म मला तेव्हा नीटसे कळले नव्हते, ते पुढे कळले. त्या दिवशी मी त्यांना रिझर्व्ह बँकेचे प्रसिद्धिपत्रक दाखवले आणि नाणी भरून घेतली. रोखपालांनी कपाळाला आठ्या घातल्या, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. नाणी मोजणे, बांधणे आणि ठेवणे हे कोणत्याच शाखेला आवडते काम नव्हते. 'नंतर आणा' असे सांगून आम्ही बँकवाल्यांनीही या गोंधळात आपला हातभार लावला होता.

गोंधळाचे मूळ मोठे गमतीचे होते. दहाच्या दोन धातूंच्या नाण्यावर बाहेरच्या कड्यात किरणांसारख्या रेषा असतात. काही नाण्यांवर त्या दहा, तर काहींवर पंधरा. २०१० मध्ये रुपयाचे ₹ हे चिन्ह स्वीकारले गेले आणि त्यानंतरच्या नाण्यांवर ते आले. आधीच्या नाण्यांवर ते नव्हते. कुणीतरी दोन नाण्यांचे छायाचित्र शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिले की, दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे. छायाचित्र अस्सल होते, रेषांची मोजणीही बरोबर होती. चुकीचा होता तो केवळ निष्कर्ष. त्यातच बनावट नाणी पाडणारा एक कारखाना दिल्लीत पकडल्याच्या बातम्या २०१६ मध्ये आल्या होत्या, म्हणजे आगीला काडीही मिळालेली होती. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला की, चिन्ह असलेली व नसलेली दोन्ही नाणी वैध आहेत. जानेवारी २०१८ मध्ये तिला पुन्हा सांगावे लागले की, दहा रुपयांची नाणी आजवर १४ वेगवेगळ्या प्रकारांत काढली असून ती सर्व चलनात आहेत. नाणे दीर्घायुषी असते, त्यामुळे जुन्या-नव्या घडणीची नाणी एकाच वेळी बाजारात फिरतात, एवढाच त्याचा अर्थ होता. नाण्यावरील सालाखाली मुंबईच्या टांकसाळीचा चौकटीचा, हैदराबादचा ताऱ्याचा आणि नोएडाचा ठिपक्याचा खूण असतो, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते, हे माझ्या पिढीच्या रोखपालांना ठाऊक होते. पण आमच्याकडे ते विचारायला कोण येणार? छायाचित्र तर प्रत्येकाच्या खिशात होते.

खुलासे होऊनही अनेक गावांत ती नाणी पुढे कित्येक वर्षे चालली नाहीत, हे आपल्यापैकी व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले असेल. याचे कारण त्या किराणा व्यापाऱ्यांच्या उत्तरात आहे. नाणे खोटे आहे, असे त्यांना क्षणभरही वाटले नव्हते. समोरच्याला तसे वाटते, एवढेच त्यांना पुरे होते. समोरचाही कदाचित हाच विचार करीत होता. नाणेव्यवहार हा शेवटी 'मी घेतले तर पुढचा घेईल' या भरवशावर चालतो; तो भरवसा गेला की, टांकसाळीतून आलेला अस्सल धातूसुद्धा निव्वळ चकती होऊन बसतो. समाजमाध्यमांवरील मजकूर लोकमत कसे घडवतो, याविषयी आपण पुष्कळ वाचतो. लोक भोळे असतात, वाचतील त्यावर विश्वास ठेवतात, असा त्यातील सूर असतो. माझा अनुभव निराळा आहे. विश्वास न ठेवणारा शहाणा माणूसही शेवटी इतरांच्या मागोमाग चालतो, आणि तो चालू लागला की अफवेला पाय फुटतात.

अफवा काही मोबाइलने जन्माला घातलेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी अमुक पेढी डळमळली, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली की सायंकाळपर्यंत तिच्या ओट्यावर गर्दी होत असे. एप्रिल २००३ मध्ये, व्हॉट्सॲपचा जन्म व्हायचा होता तेव्हा, गुजरातेत एका मोठ्या खासगी बँकेच्या एटीएमपुढे अशाच अफवेने रांगा लागल्या होत्या. बँक पूर्णपणे सुदृढ होती आणि ती गर्दी ओसरली. नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीला तीन दिवस होतात न होतात तोच, मीठ संपणार म्हणून उत्तरेतील अनेक शहरांत लोकांनी दुकानांवर झुंबड केली. तीन बाजूंना समुद्र आणि गुजरातेत मिठागरेच मिठागरे असलेल्या देशात मीठ कसे संपेल, हा प्रश्न विचारण्याची सवड त्या रात्री कुणाला नव्हती. फरक पडला आहे तो वेगाचा. अमेरिकेत ९ मार्च २०२३ या एका दिवसात सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद झाली. तिच्यात दोष होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ठेवीदार एकमेकांना मोबाइलवर निरोप धाडत होते आणि पैसेही मोबाइलवरूनच काढत होते. पूर्वी रांगेत उभे राहावे लागे. रांगेत माणूस दमतो, शेजाऱ्याशी बोलतो, कधी कधी घरी परततो. बोटाला रांग नसते.

मात्र माणसाच्या जिवापुढे या साऱ्या पैशाच्या गोष्टी आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना 'मुले पळवणारी टोळी' समजून जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून बनवलेली होती. तिचा शेवटचा खुलासेवार भाग कापून ती इकडे 'घडलेली घटना' म्हणून पाठवली जात होती. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो आणि त्यावर दुहेरी बाणाची खूण येते. ती खूण आपण पाहतो का? मी तरी बराच काळ पाहत नसे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब ॲण्ड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ठेवीदारांना सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. मुंबईतील त्या ठेवीदारांचे हाल सर्वांनी पाहिले. हे संकट खरे होते. त्याच आठवड्यात नऊ बँका बंद होणार, असा निरोप देशभर फिरला. तो खोटा होता आणि रिझर्व्ह बँकेला तसे जाहीर करावे लागले. खरे आणि खोटे एकाच दिवशी, एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत येत होते. मी नुकताच निवृत्त झालो होतो. हाती वेळ होता, आणि 'साहेब, तुमचे मत काय?' असे विचारणारे लोक होते. निवृत्त माणसाला हा प्रश्न फार गोड लागतो.

अशा दिवसांत आमच्या समाजाच्या समूहावर आमच्याच गावातील एका पतसंस्थेविषयी निरोप आला. संचालकांनी कर्जे आपसांत वाटून घेतली आहेत, उद्यापर्यंत पैसे काढा. मी तो आणखी दोन समूहांवर पाठवला. सोबत एक ओळ लिहिली, 'खात्री करून घ्यावी.' आपण सावधगिरी बाळगली, असे मला त्या वेळी मनापासून वाटले होते. बँकेत असताना एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय शंभर रुपये इकडचे तिकडे होत नसत. छत्तीस वर्षे मी तो दुसरा माणूस होतो. आणि त्या दुपारी मी व्हाउचर न पाहता सही केली.

माझी ती ओळ कुणीच वाचली नाही. वाचले गेले ते माझे नाव. 'साहेबांनी पाठवले आहे' एवढ्यावर दुसऱ्या दिवशी संस्थेपुढे गर्दी जमली. आलेल्या ठेवींपैकी फारच थोडा भाग कोणत्याही वित्तसंस्थेच्या तिजोरीत रोख असतो; बाकीचा कर्जरूपाने बाहेर असतो, आणि कर्जदार एका दिवसात परतफेड करीत नाही. त्या संस्थेने दुसरीकडे ठेवलेली गुंतवणूक मोडून चार दिवस पैसे दिले, आणि ती तरली. आजही चालू आहे. तिच्या कारभारात ढिलाई होती, पण निरोपात लिहिलेला प्रकार घडला नव्हता.

आमच्या गल्लीतील एक वहिनी, पतीच्या पश्चात शिवणकामावर घर चालवणाऱ्या, त्या गर्दीत होत्या. त्यांनी तीन लाखांची ठेव मुदतीपूर्वी मोडली. व्याजाचा तोटा झाला, पण तो लहान तोटा. ते पैसे बँकेत ठेवायलाही त्यांना धीर झाला नाही. सगळीकडे तेच ऐकू येत होते. ओळखीच्या एका दलालाने जास्त व्याजाचे आमिष दाखवले आणि त्यांनी ते त्याला दिले. पहिले काही महिने व्याज आले. मग टाळेबंदी आली, मग तो माणूस गाव सोडून गेला.

मला हे दोन वर्षांनी कळले. त्यांना विचारले, "वहिनी, तुम्ही मला एकदा तरी विचारायचे." त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच तर पाठवलं होतं. आणखी काय विचारायचं?"

आपल्याकडे हुंडीचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला. शाहजोग हुंडीचे पैसे कुणा ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत. ज्याची बाजारात पत आहे, अशा शाहाच्या हातूनच ती सादर व्हावी लागे, आणि तो शाहही चौकशी करूनच ती हाती घेई. हुंडी पुढे देणाऱ्याची पत तिला चिकटलेली असे. खोटी निघाली तर त्याला तोंड लपवायला जागा नसे. मी धाडलेल्या निरोपाला माझी पत चिकटली, पण जबाबदारी मात्र कुणालाच चिकटली नाही. मूळ कुणी लिहिले, ते आजही ठाऊक नाही.

त्यानंतर मी श्रावकव्रतांकडे पुन्हा वळलो. खरे सांगायचे तर लहानपणापासून पाठ असलेल्या त्या शब्दांचा अर्थ मी कधी धंद्याच्या भाषेत लावून पाहिला नव्हता. स्थूल मृषावाद विरमण व्रताच्या अतिचारांत श्वेतांबर परंपरेत सहसाभ्याख्यान येते, म्हणजे विचार न करता, एकदम कुणावर आळ घालणे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख बनवणे, आणि न्यासापहार, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव लाटणे, ही दोन्ही आहेत. खोटा कागद आणि ठेव यांचा विचार असत्याच्या सदराखाली करावा, हे कोणत्याही बँक अधिकाऱ्याला पटेल. त्यांपैकी माझ्या हातून घडले ते सहसाभ्याख्यान. मी खोटे लिहिले नाही, कुणाला फसवण्याचा हेतूही नव्हता. पण 'सहसा' या शब्दात हेतूचा प्रश्नच येत नाही; घाईचा येतो. प्रतिक्रमणात अठरा पापस्थानके म्हणताना मृषावाद दुसरे येते. तेरावे, चौदावे आणि सोळावे अनुक्रमे अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद अशी येतात. आळ, चहाडी आणि परनिंदा यांना असत्याहून वेगळी स्थाने का दिली असावीत, याचे उत्तर मला त्या वहिनींच्या ओसरीवर मिळाले.

अनेकांताचा दाखलाही हल्ली फार सोयीने दिला जातो. 'प्रत्येकाचे आपले सत्य असते, अनेकांत हेच सांगतो' असे म्हणून वाटेल तो मजकूर पुढे ढकलणारे सुशिक्षित लोक मी पाहतो. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे हा अनेकांताचा अपलाप आहे. 'स्यात्' लावायचे म्हणजे कोणत्या अपेक्षेने, कोणत्या द्रव्याविषयी, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या काळी हे विधान खरे आहे, ते सांगण्याची बांधिलकी स्वीकारायची. फॉरवर्ड केलेल्या निरोपाला ना तारीख असते, ना गाव, ना सांगणाऱ्याचे नाव. २०१४ चे छायाचित्र आजचे म्हणून येते.

असे असले तरी या माध्यमांना सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये वित्तीय संस्थांच्या अवसायनासंबंधीचे एक विधेयक लोकसभेत मांडण्यात आले. संकटातील बँक वाचवताना तिच्याच देणेकऱ्यांच्या रकमांना कात्री लावता येईल, अशी तरतूद त्यात होती. 'सरकार तुमच्या ठेवी बुडवणार' असे निरोप फिरले. विमा असलेल्या रकमेला त्यातून वगळले होते, म्हणून ते निरोप अतिशयोक्तीचे होते. पण त्यामागचा प्रश्न खरा होता, कारण तो विमा होता अवघा एक लाखाचा आणि १९९३ पासून त्यात बदल झालेला नव्हता. सर्वसामान्य ठेवीदार प्रथमच विचारू लागला की, माझ्या ठेवीला संरक्षण किती? विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतले गेले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा पाच लाख झाली. एवढी चर्चा वृत्तपत्रांच्या आतल्या पानांनी घडवली असती, असे मला वाटत नाही. (हा विमा बँकांतील ठेवींना असतो, पतसंस्थांतील ठेवींना नसतो. आपल्यापैकी अनेकांची ठेव पतसंस्थांत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. यात घाबरण्याचे कारण नाही. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागून वाचण्याचे मात्र आहे.)

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारात नेली गेली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडील लोकांचे दुःख मोबाइलवरूनच सर्व महाराष्ट्राला कळले आणि त्याची दखल घ्यावी लागली. त्याच सुमारास दादरच्या कबुतरखान्याचा वाद पेटला. प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आणि जीवदयेचा होता, तोही न्यायालयापुढे होता. श्वसनाचे विकार असलेला शेजारी आणि दाणे टाकणारा श्रावक, दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. पण पडद्यावर तो चार दिवसांत 'ते' आणि 'आपण' असा झाला. दोन्ही बाजूंची सर्वांत कडवट वाक्ये निवडून दोन्ही बाजूंना पोचवली जात होती. ज्या गावात आपली दुकाने तीन-तीन पिढ्या उभी आहेत, ज्यांच्या उधारीच्या वह्या आपल्या कपाटात आहेत आणि ज्यांच्या लग्नकार्यात आपण जेवलो, त्या माणसांविषयी आपल्या घरातील तरुणांनी त्या आठवड्यात काय काय पुढे पाठवले, ते मी वाचले आहे. तिकडून काय आले, तेही वाचले आहे. यंत्राला जीवदयेशी वा आरोग्याशी कर्तव्य नाही. ज्या मजकुरावर माणूस अधिक वेळ थांबतो, तो मजकूर ते पुढे सरकवते, आणि रागावर माणूस सर्वांत जास्त थांबतो.

मग खरे-खोटे ठरवायचे कुणी? केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीच्या मजकुरासाठी तथ्य तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद २०२३ मध्ये नियमांत केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली. ज्याचा हिशेब, त्यानेच लेखापरीक्षण करावे, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना एरवीही पटले नसते. परंतु न्यायालयाने तो कक्ष नाकारला म्हणजे तपासणीचे काम संपले, असेही नाही. ते आपल्याकडेच राहिले.

संवत्सरीनंतर दरवर्षी माझ्या मोबाइलवर 'मिच्छामि दुक्कडम'चे दोन-अडीचशे निरोप येतात, फुलांसह, दिव्यांसह. मीही तसेच पाठवत असे, एकाच बोटाने सर्वांना. ज्या वर्षी मला वहिनींची हकिगत कळली, त्या वर्षी मी तो निरोप पाठवला नाही. त्यांच्याकडे चालत गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण अर्धेच बोलता आले. त्या म्हणाल्या, "पाणी घ्या आधी." पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला, तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही पाठवलंत, मी काढले, त्याला दिले ते मीच. तुमच्या एकट्याच्या खात्यावर कशाला लिहायचं?" त्या दलालाविरुद्ध तक्रार करण्यासाठी कागद जमवायला मी त्यांना मदत केली, प्रकरण अजून चालू आहे.

निघताना त्यांनी मोबाइल पुढे केला. "भाऊजी, हे खरं आहे का हो?" दहाची नाणी आता कायमची बंद होणार, असा निरोप होता, त्यावर दुहेरी बाण. मी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. घरात किती नाणी आहेत, असे विचारले. त्यांनी फळीवरून पितळेचा डबा काढला. आम्ही दोघांनी बसून मोजली, सत्तेचाळीस भरली. दुसऱ्या दिवशी ती मी बँकेत नेऊन त्यांच्या खात्यात भरली. रोखपाल तरुण होता. त्याने आठ्या घातल्या नाहीत. शिक्का मारलेली चारशे सत्तर रुपयांची पावती मी परत येताना वहिनींना दिली, आणि त्यांनी ती डब्यात ठेवली.